जुनी मोटार, अपुरे कागद : मालकीच्या नोंदीचे अर्थशास्त्र

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना थोडे आश्चर्य वाटले असेल. विकासाचे अर्थशास्त्र म्हटले की राष्ट्रीय उत्पन्न, दारिद्र्यरेषा, वित्तीय तूट, व्यापारतोल असे विषय डोळ्यांसमोर येतात. जुनी मोटार विकत घेताना तिची कागदपत्रे पूर्ण आहेत की नाहीत हा प्रश्न त्या मानाने घरगुती, फार तर आरटीओच्या खिडकीपुरता वाटतो. तथापि माहितीची विषमता, मालमत्तेचे हक्क, व्यवहारखर्च आणि बाह्य परिणाम या चार संकल्पना आपण पाठ्यपुस्तकात स्वतंत्र प्रकरणांमध्ये वाचतो. त्या चारही एकाच व्यवहारात पाहावयाच्या असतील, तर यापेक्षा बोलके उदाहरण सहसा मिळत नाही.

शिवाय हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाची पहिली मोटार बहुधा जुनीच असते. टॅक्सी किंवा मालवाहू टेम्पो चालवून पोट भरणाऱ्या माणसाचे पहिले भांडवलही पुष्कळदा दुसऱ्याच्या हातातून आलेले असते. अशा कुटुंबाची अनेक वर्षांची बचत ज्या व्यवहारात गुंतते, त्या व्यवहाराचा पाया किती पक्का आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

व्यवहार प्रत्यक्षात कसा होतो?

प्रथम या बाजाराची नेहमीची रीत पाहू. गाडी पसंत पडते, किंमत ठरते, पैसे आणि किल्ली यांची अदलाबदल होते. विकणारा मालकी हस्तांतराच्या कागदांवर, म्हणजे बोलीभाषेत ज्यांना टीटी फॉर्म म्हणतात त्यांवर, सह्या करून देतो. तारीख आणि घेणाऱ्याचे नाव कोरे ठेवले जाते. एखाद्या स्टॅम्प पेपरवर "आजपासून सर्व जबाबदारी खरेदीदाराची" असे लिहून दोघे सह्या करतात. नाव पुढे सवडीने बदलून घेऊ, असे ठरते. ती सवड पुष्कळदा कधीच मिळत नाही. वर्षा-दोन वर्षांनी तीच गाडी त्याच सह्या केलेल्या कोऱ्या कागदांसह तिसऱ्याला विकली जाते, तिसऱ्याकडून चौथ्याला. गाडी चार घरे फिरते. सरकारी नोंदवहीत मात्र पहिलेच नाव कायम राहते.

अपुऱ्या कागदांचे आणखीही प्रकार आहेत. काही गाड्यांवर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा शिल्लक असतो. काही गाड्या परराज्यातून आलेल्या असतात, पण तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र सोबत नसते. काहींचा नोंदणीकृत मालक मरण पावलेला असतो आणि वारसांनी आपले नाव लावलेले नसते. आणि काही थोड्या गाड्या चोरीच्या असतात. त्यांची कागदपत्रे बनावट असतात किंवा दुसऱ्याच एखाद्या गाडीची असतात. वरवर पाहता या सर्वांत साम्य एकच असते : किंमत बाजारभावापेक्षा कमी आणि विकणारा घाईत.

दोन कायदे, दोन प्रश्न

या विषयातील बराचसा गोंधळ दोन कायद्यांची गल्लत केल्यामुळे होतो. पहिला कायदा म्हणजे मालविक्री अधिनियम, १९३०. मोटार ही जंगम वस्तू आहे. तिची मालकी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे केव्हा जाते, याचे उत्तर हा कायदा देतो : दोन्ही पक्षांचा जेव्हा तसा हेतू असेल तेव्हा. याच कायद्याच्या कलम २७ मधील तत्त्व असे की, जो स्वतः मालक नाही तो काही मोजके अपवाद वगळता दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही. म्हणूनच चोरीची गाडी कितीही प्रामाणिकपणे आणि कितीही पैसे मोजून घेतली, तरी घेणारा तिचा मालक होत नाही. ती चोरीची आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असून जो ती घेतो, तो तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेच्या कलम ४११ मधील अपराधाखाली, स्वतःच आरोपी ठरू शकतो.

दुसरा कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८. आपल्याकडे या विषयावर १९१४ आणि १९३९ असे दोन कायदे आधी होऊन गेले. आजचा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम २(३०) मध्ये "मालक" या शब्दाची व्याख्या आहे : ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी आहे, ती व्यक्ती. नोंदणीकृत व्यक्ती अज्ञान असल्यास तिचा पालक, आणि वाहन भाडेखरेदी, भाडेपट्टा किंवा गहाणाच्या करारावर असल्यास त्या करारान्वये ज्याच्या ताब्यात ते आहे तो, असे अपवाद आहेत. १९३९ च्या कायद्यातील व्याख्येत नोंदणीकृत नावाला असे मध्यवर्ती स्थान नव्हते. १९८८ मध्ये संसदेने हा बदल विचारपूर्वक केला, ही बाब ध्यानात ठेवावी.

थोडक्यात, "गाडी कोणाची?" या प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात. विकणारा आणि घेणारा यांच्यापुरते एक, आणि उरलेल्या समाजापुरते दुसरे. स्टॅम्प पेपरवरील करार त्या दोघांना बांधून ठेवील. पण रस्त्यावरून जाणाऱ्या पादचाऱ्याने त्या करारावर सही केलेली नसते.

२०१८ चा निकाल आणि त्यामागील तर्क

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेला एक निकाल या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखा आहे. एक मोटार एकापाठोपाठ एक अशी अनेकांना विकली गेली, पण नोंदणी पहिल्या मालकाच्याच नावे राहिली. २००९ मध्ये त्या गाडीला अपघात झाला आणि त्यात जीवितहानी झाली. गाडीचा विमा नव्हता. नुकसानभरपाई कोणी द्यावयाची? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने नोंदणीकृत मालकास जबाबदार धरले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ती जबाबदारी शेवटच्या खरेदीदाराकडे वळवली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र नोंदणीकृत मालक हाच कायद्याच्या दृष्टीने मालक आहे असे ठरवून न्यायाधिकरणाचा निष्कर्ष कायम केला.

प्रथमदर्शनी हा निकाल कठोर वाटतो. ज्याने गाडी केव्हाच विकली, पैसे घेतले, जो अपघाताच्या वेळी त्या ठिकाणी नव्हताही, त्याने भरपाई का द्यावी? पण याची दुसरी बाजू पाहा. अपघातात ज्याच्या घरचा माणूस गेला, त्याने गाडीच्या हस्तांतराची साखळी शोधत एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे फिरत राहावे काय? प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवील आणि दावा वर्षानुवर्षे रेंगाळेल. पीडिताला एक निश्चित, शोधता येण्याजोगे नाव मिळावे, हा नोंदणीचा मूळ हेतू आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, हानी टाळण्याची जबाबदारी अशा व्यक्तीवर टाकावी, जी ती सर्वांत कमी खर्चात टाळू शकते. गिडो कॅलाब्रेसी या विधिज्ञाने १९७० मध्ये अपघातांच्या खर्चावरील आपल्या ग्रंथात हा विचार मांडला. येथे ती व्यक्ती कोण? रस्त्यावरचा पादचारी निश्चितच नव्हे. विकणारा मात्र एक सूचनापत्र दाखल करून सारा धोका टाळू शकतो. कायद्याने भार त्याच्यावर ठेवला आहे, तो तो दोषी आहे म्हणून नव्हे, तर तो भार हलका करण्याची किल्ली त्याच्या हाती आहे म्हणून.

ही किल्ली म्हणजे अधिनियमाचे कलम ५०. विक्री त्याच राज्यात झाली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत, आणि परराज्यात झाली असेल तर ४५ दिवसांच्या आत हस्तांतराची माहिती नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाची आहे. घेणाऱ्याला यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना २९ आणि नमुना ३० हे यासाठीचे अर्ज होत. ही कर्तव्ये दोघांवर स्वतंत्रपणे टाकलेली आहेत. घेणारा टाळाटाळ करतो म्हणून विकणाऱ्याने स्वस्थ बसावे, असे कायद्याला अभिप्रेत नाही.

बाजारातील "लेमन" आणि कागदांचा संकेत

आता अर्थशास्त्रातील सुप्रसिद्ध सिद्धान्ताकडे वळू. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अमेरिकन बोलीत खराब निघालेल्या गाडीला "लेमन" म्हणतात. तोच शब्द त्यांनी शीर्षकात घेतला. त्यापूर्वी १९६७-६८ मध्ये अकरलॉफ दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत वर्षभर होते, आणि त्या निबंधात भारतीय पतबाजाराचीही चर्चा आहे. निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. पुढे २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सिद्धान्ताचे सार सोपे आहे. गाडीतील दोष विकणाऱ्याला माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. चांगली कोणती आणि खराब कोणती हे ओळखता येत नसल्याने घेणारा सर्वच गाड्यांना सरासरी किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही. तो बाजारातून बाहेर पडतो. मागे खराब गाड्यांचे प्रमाण वाढते, सरासरी आणखी घसरते आणि चांगला माल उत्तरोत्तर नाहीसा होतो.

अकरलॉफ यांचा भर गाडीच्या यांत्रिक गुणवत्तेवर होता. आपल्याकडे त्यात हक्काच्या गुणवत्तेची भर घालावी लागते. इंजिनाचा दोष एखादा जाणता मेकॅनिक अर्ध्या तासात ओळखील. पण गाडीवर बोजा आहे काय, ती परराज्यातील एखाद्या गुन्ह्यात हवी आहे काय, नोंदणीतील मालक हयात आहे काय, हे बॉनेट उघडून दिसत नाही. बिघडलेले इंजिन पैसे खर्चून दुरुस्त होते. बिघडलेला हक्क पैसे खर्चूनही दुरुस्त होईलच असे नाही.

यावर उपाय काय? तो उरलेल्या दोन अर्थशास्त्रज्ञांकडे आहे. स्पेन्स यांनी "संकेत" ही संकल्पना मांडली. संकेत विश्वासार्ह तेव्हाच ठरतो, जेव्हा तो देणे खऱ्या माणसाला स्वस्त आणि खोट्याला महाग पडते. मूळ नोंदणी प्रमाणपत्र दाखवणे, बोजा उतरवून देणे, परिवहन कार्यालयात समक्ष येण्यास तयार असणे, हे स्वच्छ हक्क असलेल्या विक्रेत्याला फारसे जड जात नाही; ज्याचा हक्कच संशयास्पद आहे त्याला ते जवळजवळ अशक्य असते. स्टिग्लिट्झ यांनी याच्या उलट बाजूचा, म्हणजे माहिती नसलेल्या पक्षाने करावयाच्या "चाळणी"चा विचार केला. "किमतीचा शेवटचा हप्ता नाव बदलल्यावर देईन" अशी अट खरेदीदाराने घातली की ती चाळणीच होते. या अटीला जो विक्रेता बिचकतो, त्याने न विचारता बरेच काही सांगून टाकलेले असते.

साठ हजारांचा हिशेब

मग लोक अपुऱ्या कागदांची गाडी घेतात तरी का? त्यांना अडाणी समजणे ही चूक ठरेल. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, निर्दोष कागदांची गाडी ३,००,००० रुपयांना मिळते आणि तशीच दुसरी गाडी, पण कागद अपुरे, २,४०,००० रुपयांना. खरेदीदाराला ६०,००० रुपयांची बचत दिसते. गाडी हातची जाण्याचा धोका पाचात एकाहून कमी आहे असे त्याला वाटले, तर अपेक्षित मूल्याच्या साध्या गणिताने हा सौदा फायद्याचा ठरतो. कारण ३,००,००० च्या चार पंचमांश म्हणजे बरोबर २,४०,०००. गणित चुकलेले नाही. त्यात काही रकमा मांडावयाच्या राहिल्या आहेत.

पहिली राहिलेली रक्कम म्हणजे पुनर्विक्री. अपुऱ्या कागदांमुळे त्याला जी सूट मिळाली, तीच सूट पुढच्या खरेदीदाराला द्यावी लागणार. दुसरी, विमा. कलम १५७ अन्वये त्रयस्थ व्यक्तीसाठी असलेले विमासंरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते असे मानले जाते, आणि घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नोंद बदलून मागावयाची असते. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण असे आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकातच स्पष्ट केले आहे. म्हणजे हप्ता भरलेला आहे, पॉलिसी चालू आहे, आणि तरीही गाडीची मोडतोड झाली तर विमा दुसऱ्याच्याच नावे, अशी अवस्था होऊ शकते. तिसरी, नूतनीकरण. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. पुढे नूतनीकरणाचा अर्ज मालकाने करावयाचा असतो. २०२१ च्या धोरणानुसार गाडी अधिकृत केंद्रात भंगारात दिल्यावर मिळणारे जमा प्रमाणपत्रही मालकीच्या नोंदीशीच बांधलेले आहे. चौथी, पत. ज्या गाडीवर आपले नाव नाही ती तारण ठेवून कोणतीही बँक कर्ज देणार नाही. पेरू देशाचे अर्थतज्ज्ञ हर्नान्डो द सोटो यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गरिबांच्या नोंद नसलेल्या मालमत्तेला "मृत भांडवल" म्हटले. त्यांचा विचार मुख्यत्वे घरे व जमिनींविषयी असला, तरी नाव नसलेल्या टेम्पोलाही तो तंतोतंत लागू पडतो.

या झाल्या खरेदीदाराच्या रकमा. परंतु सर्वांत मोठ्या रकमा त्याच्या हिशेबात येतच नाहीत, कारण त्या दुसरे कोणी तरी भरते. वाहतूक नियमभंगाचे ई-चलान जुन्या मालकाच्या भ्रमणध्वनीवर येते. फास्टॅग बदलला नसेल तर पथकर त्याच्या खात्यातून जातो. अपघाताचा दावा त्याच्या नावे लागतो. अपघातग्रस्ताला भरपाईसाठी अधिक काळ थांबावे लागते. आणि सर्वांत गंभीर म्हणजे गुन्ह्याचा तपास लांबतो. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या मोटारीत स्फोट झाला, ती त्यापूर्वी अनेक हातांतून गेलेली होती. तपास यंत्रणांना नोंदणीतील नावापासून प्रारंभ करून एकेका हाताचा माग काढावा लागला. खासगी बचत एकाची आणि सामाजिक खर्च अनेकांचा, यालाच आपण ऋण बाह्य परिणाम म्हणतो. कारखान्याच्या धुराड्याचे उदाहरण आपण पाठ करतो. सह्या केलेला कोरा टीटी फॉर्म हेही तसेच एक धुराडे आहे.

नोंद का होत नाही?

दोष केवळ नागरिकांच्या आळसाचा नाही. रोनाल्ड कोस यांनी शिकवले त्याप्रमाणे व्यवहारखर्च जास्त असेल तर फायद्याचे व्यवहारही अडून राहतात. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत यंत्रचलित वाहने हा विषय समवर्ती सूचीत ३५ व्या क्रमांकावर आहे, तर वाहनांवरील कर राज्यसूचीत ५७ व्या क्रमांकावर. परिणामी कायदा देशभर एक, पण कर प्रत्येक राज्याचा वेगळा. गाडी एका राज्यातून दुसऱ्यात नेऊन १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तेथे नवी नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी मूळ राज्याचे ना हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्याचा कर आणि जुन्या राज्याकडून परताव्याचा पाठपुरावा असा तिहेरी व्याप करावा लागतो. नागपूरहून भोपाळला किंवा बेळगावहून पणजीला बदलून गेलेल्या नोकरदाराला हा अनुभव नवा नाही. त्यातच दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर २०१५ पासून आलेले निर्बंध, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांत दिलेली सवलत, यांमुळे त्या भागातील जुन्या गाड्यांचा ओघ इतर राज्यांकडे राहिला आहे. अशा गाडीची किंमत आकर्षक असते. तिचे ना हरकत प्रमाणपत्र मात्र आधी पाहावे लागते.

दुसरे कारण मध्यस्थाचे. आपण गाडी विक्रेत्याच्या ताब्यात देतो, तो ती पुढे विकतो. वर्षानुवर्षे कायद्याच्या दृष्टीने हा मध्यस्थ जणू अदृश्यच होता. गाडी त्याच्या आवारात उभी, पण नाव जुन्या मालकाचे. त्याने मध्ये आपले नाव लावावे तर एक हस्तांतर वाढते, एक "ओनर" वाढतो आणि किंमत घसरते. म्हणून कोरे कागद ही त्याची व्यावसायिक गरजच बनली होती.

सुधारणांची दिशा

गेल्या काही वर्षांत या दोन्ही बाबतींत पावले पडली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम ६२ब समाविष्ट होऊन वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीला वैधानिक आधार मिळाला. "वाहन" या संगणकीय प्रणालीमुळे नोंदणीची स्थिती, बोजा आणि विम्याची मुदत तपासता येते. सप्टेंबर २०२१ पासून बदलीच्या नोकऱ्या असलेल्या पात्र व्यक्तींसाठी "बीएच" मालिका सुरू झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये आधारच्या साहाय्याने घरबसल्या घेता येतील अशा ५८ सेवांची अधिसूचना निघाली. मालकी हस्तांतराचा अर्ज हा त्यांपैकीच एक.

मध्यस्थाबाबतची सुधारणा अधिक मूलगामी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनी जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी प्राधिकारपत्राची व्यवस्था आणली. गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावयाची, विक्रेत्याचे अधिकार आणि जबाबदाऱ्या निश्चित करावयाच्या, आणि त्याच्या ताब्यातील गाडीच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवावयाची, असे या नियमांचे स्वरूप आहे. नोंदणीचे नूतनीकरण, ना हरकत प्रमाणपत्र किंवा हस्तांतर यांसाठी असा विक्रेता स्वतः अर्ज करू शकतो. अदृश्य मध्यस्थ दृश्यमान झाला, हे या सुधारणेचे मर्म. अर्थात नियम असणे आणि गल्लीच्या कोपऱ्यावरील प्रत्येक विक्रेत्याने तो पाळणे यांत अंतर आहे, आणि ते कमी करणे हे राज्यांच्या परिवहन विभागांचे काम आहे.

धोरणाच्या दृष्टीने प्रश्न असा उरतो की, नोंद न केल्याबद्दलचा दंड वाढवावा की नोंद करण्याचा खर्च कमी करावा? माझ्या मते क्रम दुसऱ्यापासून सुरू व्हावा. प्रक्रिया किचकट ठेवून केवळ दंड वाढवला, तर दलालाचा दर वाढतो, नोंदी वाढत नाहीत. विक्रेत्याने हस्तांतराची सूचना दिल्याक्षणी नोंदवहीत "हस्तांतर सूचित" असा शेरा उमटावा आणि तेथून पुढची सर्व चलाने, नोटिसा नव्या खरेदीदाराकडे जाव्यात, एवढी व्यवस्था देशभर एकसारखी झाली, तरी कोऱ्या फॉर्मची उपयुक्तता बरीच कमी होईल. राज्यांनी करपरताव्याचा आपसातील हिशेब नागरिकाला मध्ये न घालता केला, तर ना हरकत प्रमाणपत्राची धास्तीही ओसरेल.

व्यवहारात काय पाहावे?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी उद्या असा व्यवहार होईल आणि घरातील शिकलेली व्यक्ती म्हणून सल्ला आपल्यालाच विचारला जाईल. म्हणून काही गोष्टी सांगतो. पैसे देण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र "वाहन" प्रणालीवरील नोंदीशी ताडून पाहावे. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर वाचावेत. विकणारी व्यक्ती आणि नोंदीतील व्यक्ती एकच आहे याची ओळखपत्रावरून खात्री करावी; तसे नसेल तर मधल्या हातांच्या आश्वासनांवर न जाता नोंदणीकृत मालकालाच भेटावे. नोंदीत बोजा असेल तर वित्तसंस्थेचे पत्र आणि नमुना ३५ घेऊन तो उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. कलम ५१ नुसार वित्तसंस्थेच्या लेखी संमतीविना हस्तांतराची नोंदच होत नाही. गाडी परराज्यातील असेल तर नमुना २८ वरील ना हरकत प्रमाणपत्र आधी, किंमत नंतर. गाडी चोरीच्या नोंदीत नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या "वाहन समन्वय" सुविधेवरून पाहता येते. मालक मृत असेल तर वारसाने ३० दिवसांत प्राधिकाऱ्यास कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ वर आपले नाव लावून घ्यावयाचे असते. ते झाल्यावरच त्याच्याकडून खरेदी करावी.

आणि आपण विकणारे असू तर? कोऱ्या कागदावर सही करू नये. तारीख, वेळ, घेणाऱ्याचे नाव-पत्ता भरून घ्यावा, गाडी सुपूर्द केल्याची पोच घ्यावी, नमुना २९ आपण स्वतः दाखल करून त्याची पावती जपावी, आणि पुढे महिनाभराने नोंदीत नाव बदलले की नाही ते पाहावे. ओळखीच्या माणसाला गाडी दिली म्हणून हे सर्व सोडून देण्याची आपल्याकडे रीत आहे. पण विश्वास पानिपतात गेला, असे आपण मराठी माणसेच म्हणतो. गाडी ओळखीच्या माणसाकडेच राहील याची हमी तो माणूसही देऊ शकत नाही.

समारोप

विद्यार्थी मित्रहो, माहितीची विषमता किंवा मालमत्तेचे हक्क यांवर परीक्षेत प्रश्न आला तर अकरलॉफ यांचे नाव आणि १९७० हे वर्ष लिहून थांबू नका. भारतीय बाजारात ही विषमता कोठे दिसते, तिचा भार कोणावर पडतो आणि कायद्याने तो कोणावर का टाकला आहे, हे लिहा. जमिनीच्या बाबतीतही हेच आहे. केवळ मुखत्यारपत्रावर झालेल्या व्यवहाराने स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. सातबाऱ्यावर फेरफार वेळेत न झाल्याने भावाभावांत लागलेले दावे आपण गावोगाव पाहतो. मोटार असो की शेत, ताबा आणि नोंद यांची फारकत झाली की तिचा भुर्दंड अखेर ज्याचा त्या व्यवहाराशी संबंध नाही त्याला बसतो.

आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील, कदाचित परिवहन विभागातच. तेव्हा खिडकीसमोर हस्तांतराचा अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पुन्हा उद्या या असे सांगण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी असू द्या. तो परत गेला आणि पुन्हा आलाच नाही, तर नोंदवहीत एक चुकीचे नाव कायम राहते; आणि त्या नावाचा शोध घेण्याची वेळ बहुधा एखाद्या अपघातानंतर, एखाद्या अनोळखी कुटुंबावर येते.